तार ताणणारा माणूस

भीमपूरकडच्या शेतांत गुरांसाठी काटेरी तारेचं कुंपण घालणारा एक माणूस आहे. आमच्याकडंही तोच येतो. तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो, दुसऱ्यांदा हळू. "खांब खोल पायजे. खोल पायजे." ताणलेली तार बोटानं छेडतो आणि आवाज पसंत पडला तरच पुढच्या खांबाकडं वळतो.

यंदा कुंपण पुरं होत आलं होतं. तेवढ्यात कुत्र्याला बुजून आमची गाभण गाय धावत आली आणि तिची मान तारांत अडकली. ती जितकी ओढे तितका काटा रुते. मी पक्कड उचलली.

"मांगं सर!" तो एकदाच ओरडला.

ताणलेली तार तोडली की चाबकासारखी उसळते. त्यानं पक्कड माझ्याकडून घेतली, डावा हात गाईच्या डोळ्यांवर आडवा धरला आणि तार तोडली. गाय सुटली. त्याचा हात मात्र कोपरापर्यंत फाटला.

"दवाखान्यात चला, भाऊ," मी म्हणालो.

"चलू, चलू. पयले तिले पाणी दाखव. पाणी दाखव."

टाके पडले, काम थांबलं. काही दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो.

"व्याली का? व्याली का?" त्यानं विचारलं.

"हो. कालवड झाली."

त्यानं उजवा हात जमिनीपासून कालवडीच्या उंचीवर धरला. मग म्हणाला, "मंग खालची तार बिनकाट्याची लावू. बिनकाट्याची लावू."