टपोरे दाणे

दिवाळीआधी माझा भाऊ आला आणि त्याने शेंगांची पिशवी ओट्यावर रिकामी केली. "भाव पडलाय ताई, पण पीक बघ कसं आलंय."

आमचा चिक्कीचा छोटा कारखाना. उन्हाळ्यात जो तो दुष्काळाचं बोलत होता, म्हणून ह्यांनी व्यापाऱ्याशी शेंगदाण्याचा भाव वर्षभरासाठी आधीच बांधून घेतला. पुढे पाऊस मनाजोगता झाला. दाणा स्वस्त झाला, इतरांची चिक्की स्वस्त झाली, आणि आम्ही मात्र ठरलेल्या चढ्या भावानेच माल उचलत राहिलो. भाऊ आला त्याच आठवड्यात चिक्की लाटणाऱ्या दोघीजणींना कामावरून कमी करावं लागलं होतं.

ह्यांनी एक शेंग फोडली. आत तीन टपोरे दाणे होते. "छान आहेत," एवढंच म्हणून ते आत गेले.

संकट टळावं म्हणून माणूस तजवीज करतो आणि नकळत त्या संकटाचीच वाट बघू लागतो. पावसाळाभर हे खिडकीशी उभे राहून आभाळ कोरडं होण्याची वाट बघत होते. भावाच्या शेतावरही तेच आभाळ होतं.

"दाजींना बरं नाही का?" भावाने हळूच विचारलं.

"दमलेत," मी म्हणाले, आणि शेंगा भाजायला घेतल्या.