झारीवरची गोगलगाय

हायकू मंडळात कवितेवर नाव नसे. वाचून झाल्यावर कवीनं आपलं नाव पुकारायचं, आणि स्वतःच्या कवितेला मत द्यायचं नाही. ऐंशीचे किसाबुरो तिथले सगळ्यात खवट. "बेडूक पाहिलाय का कधी, की घरात बसूनच लिहिता?" असं तोंडावर सुनवायचे.

आज मात्र एका कवितेवर ते खूश झाले.

रिकामी झारी,
तिच्यावर गोगलगाय;
दोघींना पाऊस हवा.

"ह्याला म्हणतात बघणं! माझं मत हिलाच. कुणाची?"

कुणीच नाव पुकारेना. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, तोयोला, ठाऊक होतं. सकाळी झारीपाशी उकिडवं बसून त्यांनीच ती लिहिली होती. हल्ली ते फार विसरत.

"तोयो," तिनं स्वतःचं नाव पुकारलं.

"चाळीस वर्षांनी जमलं बाई तुला!" म्हणत किसाबुरो पहिल्यांदाच तिच्यापुढे वाकले.