दुखण्याला शून्य मार्क
सन २०१९, मी एकाहत्तरचा होतो. सुजलेल्या सांध्यांसाठी तीन महिने गोळ्या खाल्ल्या अन् ऐन थंडीत भोकरदनला तपासणीला गेल्तो. डॉक्टरीणबाईंनी बोटांचा एकेक सांधा दाबून विचारलं, "बाबा, दुखण्याला दहापैकी किती मार्क?" डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण बाईमाणसापुढं कण्हायचं कसं? म्हणलं, "शून्य." बाई खूश झाल्या. "बराबर लागू पडली गोळी, हीच चालू ठेवू." मंग संग आलेली बायको म्हणली, "खोटं बोलून राह्यले, बाई. ह्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज मी लावते. एक तरी लावून दाखवा म्हणावं!" लई झटलो, लागली न्हाई. बाईंनी आठ मार्क लिहून औषध बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला गुंडीला हात लावू दिला न्हाई, नुसत्या बनियनवर पारावर जाऊन बसलो अन् विचारील त्याला सांगितलं, "लई उकडून राह्यलं."