पातूरचा ढेकर

बाबांच्या पोटात सहा महिने गॅस होता. म्हणजे आम्ही सगळे तसं म्हणत होतो. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, बाळहिरडा चघळून झाला, तरी अर्ध्या भाकरीवर ते ताट सारायचे. दवाखान्याचं नाव काढलं की, "मले काई झालं नाई वं, नुसता वारा हाय," म्हणत पेपरात तोंड खुपसायचे. शेजारच्या काकूंनी पोटाचं गावठी औषध देणाऱ्या पातूरच्या गोदामायचं नाव सांगितलं. खरं सांगते, दवाखान्यापेक्षा मलाही पातूरच सोपं वाटलं.

अमरावतीहून सकाळची अकोल्याची एसटी धरली. बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना प्रवास फुकट. मला बाई म्हणून अर्धं तिकीट. रस्ता झकास, दोन्हीकडे कपाशी फुटलेली. मूर्तिजापूरला गरम आलुबोंडे मिळतात, पण औषधाला उपाशीपोटी जायचं असतं, म्हणून नुसता वास घेतला. बाबा निवृत्त मास्तर, वाटेतल्या दर गावात त्यांचा एखादा विद्यार्थी निघतो. त्यांच्या गोष्टी ऐकत अकोला कधी आलं कळलं नाही. तिथे बस बदलली की पातूर तासाभरात येतं.

गोदामाय ऐंशीच्या घरातली, आवाज मात्र खणखणीत. ओवा, सुंठ, हिरडा, पादेलोण यांचं चूर्ण लिंबाच्या रसात कालवून ती तळहातावर ठेवते, चाटायला लावते आणि ओट्यावरच्या सतरंजीवर बसवते. ढेकर आला की तीन आठवड्यांची पुडी. पैसे घेत नाही, नारळ ठेवायचा. ज्याला ढेकर येत नाही, त्याला पुडीही नाही.

"त्याचा तो वारा नोय, बाप्पा," ती सगळ्यांना आधीच सांगते. "त्यानं दवाखान्यात जावं. मी कोनाले फसवत नाई."

एकेकाचे ढेकर सुटत होते, लोक हसत होते, पुड्या घेऊन उठत होते. बाबांना तासभर ढेकर आला नाही. सतरंजी रिकामी होत गेली तसा माझा चेहरा उतरत गेला, आणि ते माझ्याकडेच पाहत होते.

"जाय, चहा पिऊन ये," ते म्हणाले.

मी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत पोचलेही नव्हते, तोच मागून दणदणीत ढेकर ऐकू आला. पळत परतले, तर बाबांच्या हातात पुडी. भर रस्त्यात मी त्यांचा फोटो काढला. पातूरची लेणी पाहायची राहिली, त्याचंही काही वाटलं नाही. परतताना अकोल्याच्या खानावळीत झुणका-भाकर मागवली. बाबांनी चार घास खाल्ले आणि उरलेली भाकर माझ्या ताटात ठेवली.

पुडी संपेपर्यंत मी दवाखान्याचा विषयही काढला नाही. संपली त्या आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडात गाठ, आणि ती पसरलेली. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टर म्हणाले. आधी का नाही आणलंत, असंही विचारलं. मी पातूरचं सांगायला लागले तेव्हा बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "तो ढेकर खोटा होता वं. वर्गात पोरं हसवाले काढत जावो, तसा."

"कावून पन, बाबा?"

"तुह्यं तोंड पायवत नव्हतं. अन् दवाखान्याचं भेव."

वॉर्डातल्या सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडले. त्याची लाज अजून जात नाही.

कुणाला पातूरला जायचं असेल तर जरूर जा. गोदामाय खरी आहे, खोटं आमच्या घरातून गेलं होतं. फक्त आपल्या माणसाला सतरंजीवर सोडून चहाला उठू नका. ती दोन मिनिटं मला रोज आठवतात, आणि आता त्यांचं काहीच करता येत नाही.

बाबांना घरी आणलंय. काल दुपारी दोन चमचे पेज पाजली. तिसरा चमचा पुढे केला, तर त्यांनी मोठ्ठा ढेकर दिला आणि हळूच माझ्याकडे पाहिलं.

"पोट भरलं वाटतं," मी म्हणाले, आणि भरलेली वाटी उचलून आत गेले.