तोंडात पिल्लं धरणारा बाप

मालवणच्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या फटीत मला तो दिसला! करंगळीएवढा, काचेसारखा आरपार मासा, आणि गालफडं मात्र टम्म फुगलेली. नीट पाहिलं तर तोंडात केशरी अंडी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. पुस्तकात वाचलेला तो बाप हाच! मादीने घातलेली अंडी हा तोंडात सांभाळतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत एक घासही घेत नाही.

मला राहवेना. शेजारी तरंगणाऱ्या नवऱ्याला मी पाण्यातच ओरडले, "अरे, बघ बघ!" तोंडातली श्वासाची नळी निसटली, खारं पाणी घशात गेलं आणि मी ठसकत वर आले. आनंद झाला की तो बोलून टाकल्याशिवाय मला चैनच पडत नाही. आणि तो एवढासा जीव! आमच्या धडपडीने त्याच्या घरात केवढी खळबळ उडाली असेल, तरी त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"काय होतं गं?" नवऱ्याने विचारलं.

"सांगत नाही. चल, दाखवते."

पुन्हा पाण्यात डोकं घातलं. मासा तिथेच होता. नवऱ्याने माझा हात करकचून दाबला. छातीत नुसता ढोल वाजत होता, आणि तिघांचीही तोंडं घट्ट मिटलेली.