जयंतीबाईंचा ठणठणीत गुडघा

मुलुंडची जुनी सोसायटी पाडून टॉवर झाला आणि सोडतीत जयंतीबाई राण्यांना चौदावा मजला लागला. नातेवाइकांना हेवा वाटला. काय वारा येत असेल! वारा येत होता, बाईंचा श्वास मात्र अडकला होता.

झालं एवढंच, की लिफ्ट एकदा मध्येच थांबली आणि दिवे गेले. तेवढ्या वेळात बाई मनातल्या मनात स्वतःचं तेरावंसुद्धा जेवून आल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, हा पॅनिक अटॅक. गोळ्या दिल्या. पण आता लिफ्टपेक्षा त्या भीतीचीच भीती बसली. उद्या खाली जायचंय म्हटलं की आजच तळहात गार पडायचे.

लोकांना काय सांगणार? बाईंनी गुडघा पुढे केला. गुडघ्याला आपल्याकडे भलताच मान. मालवणहून तेल आलं, तळमजल्यावरून लेप आला. मनाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे गेल्या. तेल नंदकिशोर, म्हणजे यजमान, गुपचूप स्वतःला चोळायचे. त्यांचे गुडघे खरोखरच गेले होते.

जिना होता की. पण दुखऱ्या गुडघ्याची बाई चौदा मजले उतरताना दिसली तर? झालं, बाई घरातच अडकल्या. लेक ऋताचं बाळंतपणही सासरी घाटकोपरला झालं. आईला कुठे जमणार! नात फक्त मोबाइलवर दिसायची.

बारशाच्या सकाळी नेसून-सवरून बाई दारात आल्या, तर सोसायटीची सेक्रेटरी शर्मिष्ठा लिफ्ट धरून उभी. आत नवं कोरं स्टूल.

"काकू, खास तुमच्यासाठी. बसून जायचं."

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीकडे पाहावं तसं बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. पाय उचलेना. दार फार वेळ धरल्यामुळे लिफ्ट केकाटू लागली.

"शर्मिष्ठा, माझा गुडघा ठणठणीत आहे गं."

"मग?"

"आत गेलं की मरणार असं वाटतं. गोळ्या चालू आहेत."

"एवढंच ना काकू? त्यात काय घाबरायचं?"

"तेच तर मला कळत नाही."

बाईंनी निऱ्या उचलल्या आणि त्या जिन्याकडे वळल्या. मागून नंदकिशोर निघाले.

"अहो, तुम्ही लिफ्टने या ना."

"गप चल."

मजल्यामजल्यावर "थांब गं जरा" करत, कठडा आणि बायको आळीपाळीने धरत ते उतरले. बातमी लिफ्टने आधीच खाली पोचली होती. लेपवाल्या बाई दारात उभ्या होत्या, जरा रुसलेल्या.

नंदकिशोर शेवटच्या पायरीवर मटकन बसले. "आणि येताना गं?"

बाईंनी दाराबाहेर येऊन, मान वर करून आपली गॅलरी शोधली. तळहात आत्ताच गार पडले होते.

"आधी तिला मांडीवर तर घेऊ दे," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.