काशीदचा समुद्र शांत का दिसत होता

"काशीदला येतेस का?" असा मानसीचा फोन आला आणि माझ्या डोळ्यांपुढे थेट सुरमई थाळी आली. मानसी माझी कॉलेजची मैत्रीण. एआयकडून लाटांचा अंदाज काढायचा तिचा प्रकल्प आहे. त्याचा निधी पुढे मिळणार की नाही हे या महिन्याच्या अहवालावर ठरणार होतं, आणि निधी गेला की तिची नोकरीही गेली. नेमकी आत्ताच काशीदजवळची एक होडी कळवत होती की समुद्र निपचित आहे, वारा सुटलेला असतानाही! हे काय गौडबंगाल आहे ते बघायला आम्ही निघालो.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिघी. रस्ता मध्येच गुळगुळीत, मध्येच कंबरडं मोडणारा. दिघीहून गाडीसकट जंगलजेटीने आगरदांड्याला उतरा, मोठा वळसा वाचतो. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा.

जेटीवर मानसीने मला सगळं समजावलं आणि मी आणखीच गोंधळले. होडीवर बसवलेली डबी हेलकावे मोजून पाठवते, त्यावरून एआय शिकतं, आणि अंदाज कोळ्यांच्या मोबाइलवर जातो. पण होडी कुठे आहे हे काही डबी सांगत नाही. ती सोय कोळ्यांनीच काढायला लावली होती. मासळी कुठे लागते हे जगाला कशाला सांगायचं? मला त्यांचं पटलं. मग मानसीची कुरकुर ऐकली, की डबी कुठे आहे हेच कळत नसेल तर आकडे तपासायचे कसे, तीही पटली.

ती होडी काशीदच्या कोळीवाड्यातल्या हिराताईंच्या नवऱ्याची. आम्ही थेट त्यांच्या घरी गेलो. तो पहाटेच समुद्रावर गेला होता. हिराताईंनी चहा टाकला, आणि डबीचं विचारताच कौतुकाने देवघराकडे बोट दाखवलं. डबी तिथे होती, हळदकुंकू लावलेली. दसऱ्याला पूजेसाठी उतरवली होती, मग एवढी महागाची वस्तू खाऱ्या पाण्यात खराब होईल म्हणून तिथेच ठेवली. मला हसू फुटणार होतं, पण मानसीचा चेहरा बघून मी ते गिळलं. इतके दिवस एआय बिचारं देवघर मोजत बसलं होतं.

मानसीने घोटाळा सांगितला. हिराताईंच्या हातातली गाळणी थांबली.

"म्हंजे मोबाइलवर येतं, दर्या शांत हाय म्हनून, ते ह्या डबीवरनं?"

"थोडंफार, हो."

"आमचा मानूस तेच बघून गेला गो सकाळी."

मानसीने ताबडतोब ऑफिसला फोन करून अंदाज बंद करायला लावला. मग आम्ही तिघी किनाऱ्यावर उभ्या राहिलो. वारा वाढत होता. दुपार कलल्यावर होडी आली, आणि तो चिंब भिजलेला, चिडलेला माणूस आधी बायकोवर खेकसला. मला इतकं बरं वाटलं!

थाळी खाल्ली. चव आठवत नाही.

परतताना घाटात मानसी म्हणाली की देवघरातून आलेले आकडे अहवालात तसेच ठेवले तर कुणाला कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते सगळे काढून टाकले आणि डबी देवघरात होती असं सरळ लिहून पाठवलं. निधीचं काय होणार, कुणालाच माहीत नाही.

चूक कुणाची, हेही मला अजून कळत नाही. हिराताईंचा मात्र आता मोबाइलवरच्या अंदाजावर विश्वास उरलेला नाही. त्या रोज पहाटे थेट मानसीलाच फोन करतात आणि विचारतात, "आज धाडू का त्यांना?"